शहाजोग हुंडी ते ब्राउझरचे कुलूप : पारखणाऱ्याची फी कोणी द्यायची?

मराठीत ‘शहाजोग’ हा शब्द आज बहुधा टोमणा मारायलाच वापरला जातो. करून सवरून नामानिराळा राहणारा, वर सभ्यपणाचा आव आणणारा माणूस म्हणजे शहाजोग. पण हा शब्द मूळचा बाजारातला आहे आणि तिथे त्याला असा वाकडा अर्थ नव्हता. ज्या हुंडीचे पैसे फक्त ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्याला, द्यायचे ती शहाजोग हुंडी.

समजा, पुण्यातल्या सराफाने काशीच्या एका पेढीवर हुंडी लिहून दिली. ती घेऊन काशीला पोहोचलेल्या माणसाला तिथली पेढी ओळखत नाही. तो खरा की चोर, हे तिने कसे ठरवावे? तिने ते ठरवायचेच नाही. त्या माणसाने काशीतला एखादा शहा गाठायचा, शहाने हुंडी पेढीवर सादर करायची आणि पेढीने शहाकडे बघून पैसे मोजायचे. पुढे हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली तर? तर शहाने घेतलेले पैसे व्याजासकट परत करायचे. ओळखीची खात्री देणारा आणि ती खात्री खोटी ठरल्यास भुर्दंड सोसणारा माणूस एकच होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास या दोन गोष्टी एकमेकींपासून कशा सुटल्या याचा आहे.

तुम्ही मोबाइलवरून बँकेचे संकेतस्थळ उघडता तेव्हाही एक शहा मध्ये असतो. त्याचे नाव तुम्ही वाचलेले नसते. त्याला फी तुम्ही दिलेली नसते. तो चुकला तर तो तुम्हाला काही देणेही लागत नाही. हा शहा कुठून आला, त्याने पैसे कसे कमावले आणि ती कमाई कशी आटली, हे या टिपणात पाहू. गणित फार नाही. सार्वजनिक चावीची पद्धत तुम्ही संगणक सुरक्षेच्या तासाला शिकला असाल. नसाल तर इतकेच पुरे: प्रत्येकाकडे दोन चाव्या असतात, एक जगजाहीर आणि एक खासगी. खासगी चावीने केलेली सही जगजाहीर चावीने तपासता येते.

चावी खरी, पण कोणाची?

व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली सार्वजनिक चावीची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात आणणारी आरएसए पद्धत शोधली. गणिताने मोठा प्रश्न सोडवला. दोन अनोळखी माणसांना आधी न भेटता गुप्त बोलता येऊ लागले. पण समोरची चावी ज्याची म्हणून सांगितली जाते त्याचीच आहे का, हे गणित सांगू शकत नाही. डिफी आणि हेलमन यांच्या डोळ्यांसमोर टेलिफोन डिरेक्टरीसारखी एक सार्वजनिक यादी होती. नाव शोधा, चावी घ्या.

१९७८ साली एमआयटीतल्या लोरेन कोनफेल्डर नावाच्या विद्यार्थ्याने या यादीतली अडचण दाखवली. प्रत्येक वेळी सगळ्यांनी यादीकडेच धाव घेतली तर यादी तुंबणार, आणि यादीत कोणी फेरफार केला तर सगळेच बुडणार. त्याने सुचवले की यादी ठेवणाऱ्याने प्रत्येक नोंदीवर स्वतःची सही करून ती नोंद मालकाच्याच हाती द्यावी. मालक ती खिशात घेऊन फिरेल, हवी तिथे दाखवेल. समोरच्याला फक्त सही तपासायची. या सहीच्या नोंदीला त्याने ‘सर्टिफिकेट’ म्हटले. हे त्याने आपल्या पदवीच्या प्रबंधात लिहिले. पीएचडीच्या नव्हे, बॅचलरच्या. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कुठून तरी उतरवून आणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट दरवर्षी मुद्दाम सांगतो.

सही करणाऱ्या या त्रयस्थाला इंग्रजीत सीए म्हणतात. आपल्याकडे सीए म्हटले की चार्टर्ड अकाउंटंट डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी इथे ‘प्रमाणकर्ता’ म्हणणार आहे. प्रमाणपत्राचा साचा १९८८ साली एक्स.५०९ या नावाने प्रमाणित झाला. पण त्याला गिऱ्हाईक नव्हते. फक्त विद्यापीठे आणि सरकारी प्रयोगशाळा वापरत असलेल्या जाळ्यावर ओळखीची खात्री कोण विकत घेणार?

दुकान उघडले

गिऱ्हाईक १९९५ साली आले. नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये एसएसएल ही व्यवस्था घातली. क्रेडिट कार्डाचा क्रमांक आता गुप्तपणे पाठवता येणार होता. पण कोणाला? खऱ्या दुकानदाराला की त्याचे सोंग घेतलेल्याला? म्हणून दुकानदाराने प्रमाणपत्र दाखवायचे, ते कोणा मान्य प्रमाणकर्त्याच्या सहीचे असायचे, आणि मान्य प्रमाणकर्त्यांची यादी ब्राउझरमध्येच भरलेली असायची. त्याच वर्षी आरएसए डेटा सिक्युरिटी या कंपनीतून व्हेरिसाइन वेगळी काढली गेली आणि तिने हा धंदा सुरू केला.

धंद्याचे स्वरूप नीट समजून घ्या. एका प्रमाणपत्रावर सही करायला संगणकाला क्षणभरही लागत नाही. त्याचा खर्च नगण्य. फी घ्यायची ती कागद तपासण्याची. कंपनी नोंदलेली आहे का, अर्ज करणारा माणूस तिथे खरोखर नोकरीला आहे का, दूरध्वनी उचलणारा कोण आहे. एका संकेतस्थळासाठी वर्षाला काहीशे डॉलर, आणि दरवर्षी नूतनीकरण. एकदा ब्राउझरच्या यादीत जागा मिळाली की ती जागा म्हणजे जकातनाकाच.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत मार्क शटलवर्थ या तरुणाने केपटाउनजवळ थॉट ही कंपनी काढली. अमेरिकेबाहेरच्या दुकानदारांना तिने स्वस्तात प्रमाणपत्रे दिली. डिसेंबर १९९९ मध्ये व्हेरिसाइनने ती सुमारे ५७.५ कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात विकत घेतली. हाच शटलवर्थ २००२ साली पैसे भरून अंतराळात जाऊन आला आणि २००४ साली त्याने उबुंटू आणले. तुमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर उबुंटू असेल तर त्यामागचे मूळ भांडवल प्रमाणपत्रांच्या फीतून आलेले आहे.

आता आपले दोन प्रश्न विचारू. फी कोण देतो? दुकानदार. खात्री कोणाला मिळते? ग्राहकाला. ग्राहकाचा प्रमाणकर्त्याशी करार नाही, ओळख नाही, त्याचे नावही त्याला ठाऊक नाही. आणि नुकसान कोण सोसतो? प्रमाणकर्त्यांच्या जाहीर कार्यपद्धतीची लांबलचक पत्रके वाचलीत तर त्यांतला मोठा भाग आपली जबाबदारी कुठे संपते हे सांगण्यात गेलेला दिसेल. कायद्यानेही यात हात दिला. अमेरिकेतल्या यूटा राज्याने १९९५ साली डिजिटल सहीचा कायदा केला. परवानाधारक प्रमाणकर्त्याने प्रमाणपत्रावर ‘इथवरच विसंबा’ अशी रक्कम छापावी आणि त्यापलीकडे त्याच्यावर दायित्व नाही, अशी त्यात सोय होती. काशीच्या शहाला अशी सोय कोणी देऊ केली असती तर तो तरी नको कशाला म्हणाला असता.

२००१ च्या जानेवारीत या व्यवस्थेची पहिली मोठी फजिती झाली. कोणीतरी आपण मायक्रोसॉफ्टचे नोकर असल्याचे सांगितले आणि व्हेरिसाइनने २९ आणि ३० जानेवारीला त्याला मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन प्रमाणपत्रे दिली. ती सॉफ्टवेअरवर सही करण्यासाठीची होती, म्हणजे विषाणूवर मायक्रोसॉफ्टचा शिक्का मारता आला असता. गणित तसूभरही चुकले नव्हते. चुकले ते फी घेऊन करायचे एकमेव काम, माणसाची ओळख. प्रमाणपत्रे रद्द झाली. पण रद्द झालेल्यांची यादी कुठे पाहायची हे त्या प्रमाणपत्रांवर लिहिलेलेच नव्हते, त्यामुळे मायक्रोसॉफ्टला वेगळी दुरुस्ती काढावी लागली.

बँकांचा दुसरा रस्ता

हे असेच व्हायला हवे होते असे समजू नका. त्याच काळात दुसरा एक रस्ता खुला होता आणि तो हुंडीच्या जवळचा होता: प्रत्येक व्यवहार तपासा, प्रत्येक व्यवहारामागे फी घ्या आणि त्या व्यवहाराची जोखीमही घ्या.

व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी १९९६ साली सेट नावाची व्यवस्था जाहीर केली, १९९७ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. यात फक्त दुकानदाराकडेच नव्हे, कार्डधारकाकडेही प्रमाणपत्र असायचे. कागदावर ती फार नेटकी होती. चालली मात्र नाही. ग्राहकाला संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर बसवायचे, प्रमाणपत्र मागवायचे, संगणक बदलला की पुन्हा तेच. आणि एवढे कष्ट त्याने कशासाठी घ्यावेत? कार्डाचा गैरवापर झाला तर अमेरिकी कायद्याने ग्राहकाचे नुकसान आधीच ५० डॉलरपर्यंत मर्यादित केले होते. ज्याचे काही जाणार नाही तो कुलूप विकत घेत नाही. अभियंते इथे हमखास फसतात. आपण पद्धत किती भक्कम आहे ते पाहतो, तिचा खर्च कोणाच्या माथी येतो ते पाहत नाही.

व्हिसाने २००१ पासून आणलेली थ्री-डी सिक्युअर ही पद्धत दिसायला साधी होती. खरेदीच्या शेवटी ग्राहकाची बँक त्याला एक सांकेतिक शब्द विचारते, बस. पण तिच्यात एक कळीची गोष्ट होती. दुकानदाराने ही तपासणी करून घेतली तर फसवणुकीचा भार दुकानदारावरून कार्ड देणाऱ्या बँकेवर जायचा. तपासणारा आणि सोसणारा पुन्हा एक झाले. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांना असा जादा तपास सक्तीचा केला. तुमच्या फोनवर येणारा ओटीपी हा त्याचाच वंशज.

मोठ्या बँकांनी आणखी एक प्रयत्न केला होता. एबीएन अॅम्रो, बार्कलेज, चेस मॅनहॅटन, डॉइच बँक अशा बँकांनी १९९९ मध्ये आयडेंट्रस ही संस्था स्थापली. कल्पना अशी: मुंबईची कंपनी हॅम्बुर्गच्या कंपनीशी ऑनलाइन करार करते आहे, दोघींच्या बँका आपापल्या गिऱ्हाइकाची ओळख हमीसह एकमेकींना कळवतील आणि त्याची फी घेतील. हमीसह, हे महत्त्वाचे. शहाजोग हुंडीच म्हणा ना. पण ज्या कंपन्या एकमेकींना वर्षानुवर्षे ओळखत होत्या त्यांना ही हमी फारशी नको होती आणि ज्या ओळखत नव्हत्या त्या एवढा घाट घालायला तयार नव्हत्या. आयडेंट्रसला बँकांनी कल्पिलेले वैभव मिळाले नाही. हे नाव मात्र विसरू नका. ती पुन्हा भेटणार आहे.

फी घसरते

इकडे प्रमाणपत्रांच्या बाजारात स्पर्धा आली. ब्राउझर सगळ्या मान्य प्रमाणकर्त्यांना एकाच मापाने मोजत होता. कसून तपासणारा असो की डोळे झाकून सही ठोकणारा, कुलूप तेच दिसायचे. मग दुकानदार स्वस्त तिथे जाणार, यात त्याचा काय दोष? जिओट्रस्ट या कंपनीने कागदपत्रे तपासणेच सोडून दिले. संकेतस्थळाच्या नावावर तुमचा ताबा आहे एवढे एका ईमेलने पाहायचे आणि काही मिनिटांत प्रमाणपत्र द्यायचे. दर खाली, खप वर. २००६ साली व्हेरिसाइनने तिलाही सुमारे १२.५ कोटी डॉलरला विकत घेतले.

उतरती फी सावरायला प्रमाणकर्ते आणि ब्राउझर बनवणारे एकत्र आले आणि २००७ मध्ये ‘विस्तारित’ प्रमाणपत्र निघाले. जास्त तपासणी, जास्त फी आणि ब्राउझरमध्ये कंपनीच्या नावाची हिरवी पट्टी. तुमच्या ताई-दादांनी बँकेच्या संकेतस्थळावर ही पट्टी नक्की पाहिली असेल. २०१७ मध्ये एका संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ‘स्ट्राइप’ या प्रसिद्ध पेमेंट कंपनीच्याच नावाची नवी कंपनी रीतसर नोंदवली आणि रीतसर फी भरून त्या नावाची हिरवी पट्टीही मिळवली. सगळे नियमात बसत होते. एका राज्यातल्या कंपनीचे नाव दुसऱ्या राज्यात कोणीही नोंदवू शकतो, हे पट्टीला कुठे ठाऊक? २०१९ साली क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनी ही पट्टी पत्त्याच्या चौकटीतून काढून टाकली. लोकांचे तिच्याकडे लक्षच जात नव्हते.

२०११ चा उन्हाळा

आता सर्वांत गंभीर प्रकरण. नेदरलँड्समध्ये डिजिनोटार नावाचा प्रमाणकर्ता होता. तिथल्या नोटरी मंडळींच्या वर्तुळातून उभी राहिलेली ही कंपनी. डच सरकारच्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रेही तिच्याकडून येत. जुलै २०११ मध्ये घुसखोरांनी तिच्या यंत्रणेत शिरून किमान ५३१ खोटी प्रमाणपत्रे तयार केली. त्यांत एक गूगलच्या नावाचे होते. कंपनीला घुसखोरी कळली. तिने काही प्रमाणपत्रे गुपचूप रद्द केली आणि बाहेर कोणाला काही सांगितले नाही.

ऑगस्टच्या अखेरीस इराणमधल्या एका जीमेल वापरकर्त्याला क्रोमने इशारा दिला, तेव्हा गोष्ट उघड झाली. गूगलने आपल्या स्वतःच्या संकेतस्थळांसाठी कोणाची सही चालेल हे क्रोममध्ये आधीच कोरून ठेवले होते, म्हणून फक्त क्रोम ओरडला. इतर ब्राउझर वापरणाऱ्यांना काहीच कळले नाही. नंतरच्या तपासात सुमारे ३ लाख आयपी पत्त्यांवरून त्या खोट्या प्रमाणपत्राशी संपर्क झाल्याचे दिसले आणि ते जवळजवळ सगळे इराणमधले होते. म्हणजे तितक्या लोकांची पत्रे मध्येच कोणीतरी वाचू शकत होते. २००९ च्या निवडणुकीनंतरची निदर्शने आणि धरपकड त्या देशाच्या आठवणीत ताजी होती. अशा ठिकाणी उघडलेले पत्र म्हणजे काय, हे तुम्हीच ताडा.

त्या इराणी माणसाने डिजिनोटारचे नाव कधी ऐकले असेल का? त्याने तिला एक पैसाही दिला नव्हता, तिच्याकडून काही मागितले नव्हते. तरी त्याच्या ब्राउझरने तिच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवला. जगातला कोणताही मान्य प्रमाणकर्ता जगातल्या कोणत्याही संकेतस्थळासाठी सही करू शकतो, हेच या रचनेचे मर्म आहे. शंभर दारांचा वाडा तितकाच सुरक्षित असतो जितके त्याचे सर्वांत कच्चे दार.

ब्राउझरांनी डिजिनोटारला यादीतून काढले आणि २० सप्टेंबर २०११ रोजी ती दिवाळखोर जाहीर झाली. जकातनाक्याची चावी कोणाकडे आहे हे या वेळी सगळ्यांना दिसले. फी प्रमाणकर्ते घेत होते, पण त्यांना जिवंत ठेवायचे की नाही हे एक पैसाही न घेणारे ब्राउझर ठरवत होते. पुढे सिमँटेकच्या बाबतीत हे पुन्हा दिसले. व्हेरिसाइनचा हा धंदा सिमँटेकने २०१० मध्ये १२८ कोटी डॉलरला घेतला होता. २०१७ मध्ये गूगलने तिच्या गलथान तपासणीवर बोट ठेवले, तिची प्रमाणपत्रे टप्प्याटप्प्याने नाकारायचे ठरवले आणि कंपनीला तो धंदा डिजिसर्टला विकावा लागला.

डिजिनोटारनंतर गूगलमधल्या अभियंत्यांनी एक वेगळीच तोड काढली. प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सर्वांना वाचता येईल अशा वहीत झालीच पाहिजे, आणि वहीतली नोंद मागाहून खोडता येता कामा नये. २०१३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि ३० एप्रिल २०१८ पासून निघणाऱ्या प्रत्येक नव्या प्रमाणपत्रासाठी क्रोमने ती सक्तीची केली. प्रमाणकर्ता चुकणार हे धरून चालायचे आणि चूक लपणार नाही एवढे पाहायचे. तुमच्या कॉलेजच्या संकेतस्थळाच्या नावाने आजवर किती प्रमाणपत्रे निघाली हे तुम्ही घरबसल्या शोधू शकता. पाहाच एकदा, माहीत नसलेली उपसंकेतस्थळे सापडतील.

फुकटचा शहा

नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची घोषणा झाली. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन, मिशिगन विद्यापीठ, सिस्को आणि अकामाई यांच्या पाठबळावर उभा राहिलेला हा ना-नफा प्रमाणकर्ता डिसेंबर २०१५ पासून कोणालाही फुकट प्रमाणपत्र देऊ लागला. माणूस मध्ये नाहीच. तुमचा सर्व्हर मागतो, त्यांचा सर्व्हर नावावरचा ताबा तपासतो, ९० दिवसांचे प्रमाणपत्र येते, मुदत संपत आली की यंत्रच पुन्हा मागते. फेब्रुवारी २०२० पर्यंत १०० कोटी प्रमाणपत्रे दिली गेली होती.

पण नव्या प्रमाणकर्त्याला ब्राउझरांच्या आणि फोनांच्या यादीत जागा मिळायला वर्षे लागतात. तोवर विश्वास कोणी ठेवायचा? इथे आयडेंट्रस परतते, आता आयडेनट्रस्ट या नावाने. तिच्याकडे एक जुने मूळ प्रमाणपत्र होते. ते मूळचे डिजिटल सिग्नेचर ट्रस्ट या कंपनीचे. यूटातल्या झायन्स बँकेच्या गोटातली ही कंपनी आयडेंट्रसने पुढे आपल्यात घेतली होती. ते मूळ प्रमाणपत्र जवळजवळ प्रत्येक यंत्रात आधीपासून होते. आयडेनट्रस्टने लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रावर आपली सही केली आणि फुकटच्या शहाला पत मिळाली. हमीसह फी घेण्यासाठी बँकांनी जन्माला घातलेल्या संस्थेने, बिनहमी आणि बिनफीच्या व्यवस्थेला आपले नाव उसने दिले. ते जुने प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी मुदतबाह्य झाले. त्या दिवशी काही जुन्या यंत्रांवर अचानक संकेतस्थळे उघडेनाशी झाली आणि त्यामागचे कारण १९९० च्या दशकातल्या एका राज्याच्या कायद्यापर्यंत मागे जाते, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल.

फुकट प्रमाणपत्र चोरालाही मिळते, हे ओघाने आलेच. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून केलेल्या बनावट संकेतस्थळावरही तेच कुलूप दिसते, कारण त्या चुकीच्या नावावर चोराचा ताबा खराच असतो. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते कुलपाचे चिन्हच काढून टाकले.

आपल्याकडे

भारताने यूटाच्या वाटेवरचा रस्ता धरला, पण जास्त सरकारी थाटात. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. केंद्र सरकारचा नियंत्रक, त्याच्या परवान्याने चालणारे प्रमाणकर्ते आणि त्यांच्याखाली तुम्ही-आम्ही, अशी उतरंड. परवाना हवा तर किमान ५ कोटींचे भागभांडवल आणि ५० कोटींची नक्त मालमत्ता, असे त्या वर्षीच्या नियमांत होते. फीचा उल्लेख तर थेट कायद्यात आहे: प्रमाणपत्राच्या अर्जासोबतची फी २५,००० रुपयांहून जास्त असू नये, असे कलम ३५ सांगते. त्रयस्थाने ओळख पटवून किती पैसे घ्यावेत हे संसदेने लिहून ठेवले, याची मला अजूनही गंमत वाटते. प्रत्यक्षात स्पर्धेने दर त्याच्या कितीतरी खाली आणले.

२००६ पासून कंपन्यांची विवरणपत्रे ऑनलाइन भरणे सक्तीचे झाले, मग ई-निविदा आल्या, आणि डिजिटल सहीला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. हे गिऱ्हाईक सुरक्षिततेसाठी आलेले नव्हते, सक्तीमुळे आले होते. त्याने काय होते ते सांगतो.

त्याआधी २०१४ चे एक प्रकरण. त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला गूगलला आपल्या नावाची खोटी प्रमाणपत्रे सापडली आणि ती निघाली होती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणकर्त्याकडून. आपले नियंत्रक मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्यामुळे विंडोजवर ती खरी मानली जात होती. नियंत्रकांनी एनआयसीची मधल्या फळीची प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. गूगलने मग क्रोममध्ये भारतीय नियंत्रकांखालच्या सह्यांना कुंपण घातले: जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन अशा मोजक्या नावांपुरत्याच त्या चालतील. देशाच्या कायद्याने नेमलेल्या नियंत्रकाची हद्द एका ब्राउझरने आखली.

आता माझ्याच अनुभवातली गोष्ट. मी शिकवत असलेल्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळेच्या साहित्याची ई-निविदा काढायची होती आणि तांत्रिक समितीवर मी होतो. प्राचार्यांची डिजिटल सही लागणार होती. मी विचारले, टोकन कुठे आहे? लेखा विभागातल्या एका ड्रॉवरमध्ये. पासवर्ड? टोकनवरच चिकटपट्टीने लावलेला. गेली दोन वर्षे प्राचार्यांच्या नावाने सह्या कारकूनच करत होता आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. मलाही त्या दिवशी निविदेची मुदत गाठायची घाई होती. मी काही बोललो नाही. चिकटपट्टी बाजूला करून आकडे मीच वाचून दाखवले.

कलम ४२ म्हणते की खासगी चावी आपल्याच ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी मालकाने घ्यावी, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली तर विनाविलंब प्रमाणकर्त्याला कळवावे. प्रमाणकर्त्याने फी घेऊन प्राचार्यांची ओळख तपासली होती, तीही व्यवस्थित. त्या निविदेत काही घोटाळा झाला असता तर अडकले असते ते प्राचार्य. प्रमाणकर्त्याची जबाबदारी ओळखपत्र पाहून झाले तिथेच संपली होती.

याच्या शेजारी यूपीआय ठेवून पाहा. प्रत्येक व्यवहार बँक तपासते. त्रयस्थाच्या चुकीने पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाचे दायित्व शून्य, असे रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक सांगते. म्हणजे जोखीम बँकेकडे आहे. पण १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायची फी शून्य आहे, आणि बँकांना सरकारी तिजोरीतून प्रोत्साहन रक्कम दिली जाते. एका बाजूला फी घेऊन जोखीम न घेणारा प्रमाणकर्ता, दुसऱ्या बाजूला जोखीम घेऊन फी न मिळणारी बँक. परीक्षेत मी हा प्रश्न विचारतो: या दोहोंपैकी कोणती व्यवस्था जास्त दिवस टिकेल आणि का? बहुतेक मुले यूपीआय लिहितात. कारण मात्र थोडीच लिहितात.

गेल्या वर्षी त्या टोकनाची मुदत संपली. आता ओळख पटवायला चित्रफीत लागते. प्राचार्यांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर आपले नाव सांगितले, पॅनकार्ड धरले आणि तपासणी एका फटक्यात पार पडली. नवे टोकन आले तेव्हा मी स्वतः जाऊन ते त्यांच्या हाती दिले आणि पासवर्ड कोणाला सांगू नका म्हणालो. त्यांनी मान डोलावली. मार्चअखेरीला मी लेखा विभागात गेलो होतो. टोकन त्याच ड्रॉवरमध्ये होते. चिकटपट्टी नवी होती.